वेगवेगळ्या सॅम्पल लायब्ऱ्यांतील वाद्ये एकाच मंचावर बसवताना

संगणकावर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना करणारे संगीतकार सहसा एकाच सॅम्पल लायब्ररीवर अवलंबून राहत नाहीत. सॅम्पल लायब्ररी म्हणजे प्रत्यक्ष वादकांनी वाजवलेल्या एकेका सुराचा, निरनिराळ्या जोरांत आणि निरनिराळ्या वादनपद्धतींत ध्वनिमुद्रित केलेला संग्रह. कीबोर्डवरील पट्टी दाबली की त्यातील योग्य तुकडा वाजतो आणि अशा हजारो तुकड्यांतून वाद्यवृंदाचा आभास उभा राहतो. एका संग्रहातील व्हायोलिनचे लांब सूर भरदार असतात, दुसऱ्यातील तोडक्या सुरांना धार असते, तिसऱ्यातील ओबो एकट्याने गाण्याजोगा असतो, आणि म्हणून तीन-चार संग्रहांचे मिश्रण करण्याचा मोह स्वाभाविक आहे. अडचण अशी की हे संग्रह वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या आकारांच्या दालनांत आणि वेगवेगळ्या माइकरचनांनी ध्वनिमुद्रित झालेले असतात. स्पिटफायर ऑडिओचा सिंफनिक संग्रह लंडनच्या एअर स्टुडिओतील लिंडहर्स्ट हॉलमध्ये, म्हणजे पूर्वी चर्च असलेल्या एका षट्कोनी दालनात, तयार झाला. ऑर्केस्ट्रल टूल्सची ‘बर्लिन’ मालिका बर्लिनच्या टेल्डेक्स स्टुडिओत घडली. सिनेसॅम्पल्सचे अनेक संग्रह कॅलिफोर्नियातील सोनी स्कोअरिंग स्टेजवर, म्हणजे ज्या मंचावर अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटासाठी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला त्याच मंचावर, उभे राहिले. तर व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीचे आरंभीचे संग्रह ‘सायलेंट स्टेज’ नावाच्या, मुद्दाम अत्यल्प निनाद ठेवून बांधलेल्या दालनात मुद्रित झाले.

हे सगळे संग्रह एका रचनेत जसेच्या तसे एकत्र आणले, तर ऐकणाऱ्याला दोष नेमका सांगता आला नाही तरी काहीतरी जुळत नाही हे त्याला जाणवते. व्हायोलिन दूरच्या डावीकडून, ओबो थेट नाकासमोरून आणि ट्रम्पेट तिसऱ्याच खोलीतून येत असतात, आणि एका मंचावर बसलेला वाद्यवृंद ऐकण्याऐवजी वेगवेगळ्या चित्रांची कात्रणे एका कागदावर चिकटवल्यासारखे वाटते. यावर बहुतेक नवशिके एकच उपाय योजतात, तो म्हणजे मिक्सरवरील पॅनचा नॉब डावीउजवीकडे फिरवणे. मात्र वाद्याची जागा ठरवण्यात पॅनचा वाटा लहान असतो, आणि ज्या ध्वनिमुद्रणात वाद्य आधीच एका जागी बसलेले आहे त्यावर पॅन फिरवल्याने जागा सुधारण्याऐवजी बिघडते. असे का होते हे समजून घेतले, तर पुढची सारी पद्धत आपोआप सुचत जाते.

कानाला जागा कशी कळते

ध्वनी कोणत्या बाजूने येतो हे ओळखण्यासाठी कान प्रामुख्याने दोन खुणा वापरतो, आणि त्यांचे विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केले. पहिली खूण वेळेची. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो, आणि माणसाच्या डोक्याच्या आकारामुळे हा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद असतो. दुसरी खूण पातळीची. डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला, विशेषतः वरच्या कंप्रतांचा, आवाज कमी ऐकू येतो. खालच्या कंप्रतांसाठी कान मुख्यतः वेळेवर आणि वरच्या कंप्रतांसाठी मुख्यतः पातळीवर भिस्त ठेवतो.

या दोन खुणांना तिसरी एक गोष्ट जोडली पाहिजे. हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की एकच आवाज थोड्या अंतराने दोन दिशांनी आला, तर कान तो दोन आवाज म्हणून ऐकत नाही, आणि आधी पोहोचलेल्या आवाजाची दिशा हीच त्याला खरी दिशा वाटते. सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत येणारी दुसरी लहर पहिलीपेक्षा १० डेसिबेलने मोठी असली, तरीही पहिलीचे वर्चस्व बऱ्याच अंशी टिकते. दालनाच्या भिंतींवरून असंख्य परावर्तने येत असतानाही वादक कुठे बसला आहे हे श्रोत्याला कळते, ते या गुणामुळेच.

डावे-उजवे एवढ्यावर जागा पूर्ण होत नाही, कारण वाद्य किती दूर आहे हेही तिचाच भाग आहे. अंतराची खूण थेट आवाज आणि निनाद यांच्या प्रमाणात असते. जवळच्या वाद्याचा थेट आवाज निनादापेक्षा बराच मोठा असतो, दूरच्या वाद्यात निनादाचा वाटा वाढतो, आघाताची धार बोथट होते आणि वरच्या कंप्रता किंचित मंदावतात. शिवाय जवळच्या वाद्याचा थेट आवाज आणि भिंतींवरून येणारी पहिली परावर्तने यांच्यात बरीच फट असते, दूरच्या वाद्यात ती कमी होते. म्हणजे जागा पाच गोष्टींनी मिळून ठरते: दोन वाहिन्यांतील पातळीचा फरक, वेळेचा फरक, आवाजाचा रंग, निनादाचे प्रमाण आणि आरंभीच्या परावर्तनांचा नमुना. पॅनचा नॉब यांतल्या फक्त पहिलीला हात लावतो.

ध्वनिमुद्रणातच मुरलेली जागा

वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात सर्वाधिक प्रचलित असलेली माइकरचना ‘डेका ट्री’ या नावाने ओळखली जाते आणि ती डेका कंपनीच्या अभियंत्यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. तीत सर्व दिशांनी ऐकणारे तीन माइक कंडक्टरच्या डोक्यावर सुमारे तीन मीटर उंचीवर त्रिकोणात टांगलेले असतात. डावा आणि उजवा यांच्यात सुमारे दोन मीटर अंतर असते आणि मधला थोडा पुढे असतो. एका सोप्या हिशेबाने या रचनेचा स्वभाव स्पष्ट होतो. उंची आणि मधला माइक क्षणभर बाजूला ठेवून, मध्यरेषेपासून चार मीटर डावीकडे आणि माइकांपासून चार मीटर मागे बसलेल्या व्हायोलिनवादकाचा विचार केला, तर त्याचे डाव्या माइकपासूनचे अंतर पाच मीटर आणि उजव्या माइकपासूनचे सुमारे ६.४ मीटर भरते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणून उजव्या माइकला तो आवाज सुमारे ४ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. अंतरामुळे पडणारा पातळीचा फरक मात्र जेमतेम २ डेसिबेल असतो.

या दोन आकड्यांतच साऱ्या विषयाचे मर्म आहे. अशा ध्वनिमुद्रणातील व्हायोलिन डावीकडे ऐकू येते ते डावी वाहिनी फार मोठी आहे म्हणून नव्हे, तर ती आधी येते म्हणून. हेच व्हायोलिन पॅन फिरवून उजवीकडे नेण्याचा प्रयत्न केला, तर पातळी उजवीकडे बोट दाखवते आणि वेळ डावीकडे. कानाला दोन परस्परविरुद्ध साक्षी मिळतात आणि वाद्य उजवीकडे न जाता पसरट, धूसर होऊन मधेच कुठेतरी तरंगत राहते.

या दृष्टीने संग्रहांचे तीन गट पडतात. पहिल्या गटातील वाद्ये आपापल्या नेहमीच्या आसनांवर बसवून, पूर्ण दालनाच्या निनादासह मुद्रित केलेली असतात. लिंडहर्स्ट हॉल आणि टेल्डेक्समधील वर उल्लेखलेले संग्रह या गटात मोडतात. दुसऱ्या गटातील वाद्ये कोरडी, म्हणजे जवळजवळ निनादाविना, आणि मध्यभागी मुद्रित केलेली असतात. सायलेंट स्टेजवरचे संग्रह याचे उदाहरण. तिसऱ्या गटात वाद्य आसनावरच असते, पण क्लोज माइक, म्हणजे वाद्याजवळ ठेवलेला माइक, ट्री आणि दूरचे माइक यांचे स्वतंत्र आवाज संगीतकाराच्या हाती दिलेले असतात, त्यामुळे त्याला कोरडे किंवा ओले, जवळचे किंवा दूरचे असे रूप काही मर्यादेपर्यंत निवडता येते. बहुतेक आधुनिक संग्रह पहिल्या आणि तिसऱ्या गटात एकाच वेळी बसतात. कोणत्याही मिश्रणाआधी आपला प्रत्येक संग्रह कोणत्या गटातला आहे हे नोंदवून ठेवणे ही पहिली पायरी होय.

एक संदर्भ, एक बैठक

दुसरी पायरी संदर्भसंग्रहाची निवड. ज्या संग्रहातील वाद्ये रचनेत सर्वाधिक काळ ऐकू येणार आहेत आणि ज्याचे दालन संगीतकाराला सर्वाधिक आवडते, तो संग्रह स्थिर मानावा आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे सरकावे. सगळ्यांनी थोडेथोडे सरकून मध्ये कुठेतरी भेटावे हा विचार व्यवहारात कधीच यशस्वी होत नाही, कारण मग कानाला पकडण्यासाठी एकही खरे दालन उरत नाही. बहुतेक रचनांत हा मान तंतुवाद्यांच्या संग्रहाला जातो.

त्यानंतर कागदावर बैठक आखावी. आज सर्वाधिक आढळणाऱ्या बैठकीत श्रोत्याच्या डावीकडून पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि उजवीकडे चेलो, त्यांच्या मागे डबल बास अशी रांग असते. मध्यभागी काष्ठवाद्ये दोन ओळींत, पुढे बासरी डावीकडे आणि ओबो उजवीकडे, मागे क्लॅरिनेट डावीकडे आणि बसून उजवीकडे. त्यांच्या मागे हॉर्न बहुधा डावीकडे, ट्रम्पेट मध्याकडे, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा उजवीकडे, आणि सर्वांत मागे तालवाद्ये. दुसऱ्या, जुन्या युरोपीय बैठकीत पहिले आणि दुसरे व्हायोलिन समोरासमोर, डावीकडे व उजवीकडे बसतात, आणि चेलो व बास डाव्या अंगाला सरकतात. दोन्ही योग्य आहेत. अयोग्य आहे ते दोहोंची सरमिसळ. संदर्भसंग्रह ज्या बैठकीत मुद्रित झाला असेल तीच कागदावर उतरवणे श्रेयस्कर.

जागा मोजण्याची रीत

इतर संग्रह संदर्भाकडे सरकवण्याआधी ते आता कुठे आहेत हे मोजले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक संग्रहातून एकाच स्वराचा, एकाच जोराचा, एक अगदी तोडका सूर एकाच माइकपर्यायातून वाजवावा आणि डाव्या-उजव्या वाहिन्यांची पातळी वेगवेगळी दाखवणारा मीटर समोर ठेवावा. दोन क्षणांकडे लक्ष द्यावे: आघाताच्या क्षणी दोन वाहिन्यांत किती डेसिबेलचा फरक आहे, आणि सूर थांबल्यावर निनाद विरत असताना किती आहे. खऱ्या दालनात मुद्रित झालेल्या वाद्याचा आघात एका बाजूला झुकलेला असतो, पण निनाद दोन्ही वाहिन्यांत जवळपास सारखा पसरलेला असतो, कारण निनाद संपूर्ण दालनाचा असतो, एका खुर्चीचा नव्हे.

जागा खरी आहे की पॅनने ओढलेली, हे याच निरीक्षणाने ओळखता येते. आघाताबरोबर निनादही तितकाच एका बाजूला कललेला असेल, तर ते वाद्य मंचावर डावीकडे बसलेले नसून संपूर्ण दालनच डावीकडे लोटले गेले आहे. वेगवेगळ्या संग्रहांचे मिश्रण कृत्रिम वाटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. वाहिन्या किती संलग्न आहेत हे दाखवणारा कोरिलेशन मीटरही येथे उपयोगी पडतो. दोन्ही वाहिन्या एकरूप असतील तर तो +१ दाखवतो, त्यांचा परस्परांशी संबंध नसेल तर शून्य, आणि त्या एकमेकींच्या उलट असतील तर -१. कोरड्या, मध्यभागी मुद्रित झालेल्या संग्रहाचा काटा +१ कडे आणि ट्रीवरील संग्रहाचा शून्याच्या बाजूला झुकलेला आढळेल, आणि हे दोन संग्रह जुळवायला पॅनपेक्षा अधिक काही लागणार याची ती पूर्वसूचना असते.

बसलेल्या वाद्याला हलवताना

पहिला नियम साधा आहे: संदर्भाच्या बैठकीत जिथे हवे तिथेच जे वाद्य मुद्रित झालेले आहे, त्याचा पॅन मध्यावर ठेवावा आणि त्याला हात लावू नये. टेल्डेक्समधील ट्रॉम्बोन उजवीकडे बसवलेले असतील, तर त्यांना आणखी उजवीकडे ढकलण्याचे काहीच कारण नाही. खऱ्या ध्वनिमुद्रणात कोणताही विभाग पूर्णपणे एकाच स्पीकरमध्ये सापडत नाही.

जागा थोडीशीच बदलायची असेल, तर नॉब कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे. अनेक संगीत-सॉफ्टवेअरांत स्टीरिओ ट्रॅकवरचा नॉब प्रत्यक्षात ‘बॅलन्स’ असतो, म्हणजे तो डावीकडे फिरवला की उजवी वाहिनी फक्त मंदावत जाते, आणि त्या वाहिनीतील दालनाचा निनादही तिच्याबरोबर नाहीसा होतो. याऐवजी दोन्ही वाहिन्यांची जागा स्वतंत्रपणे ठरवू देणारा स्टीरिओ पॅन निवडावा. क्यूबेस, लॉजिक आणि रीपर यांत असा पर्याय निवडता येतो, तर प्रो टूल्समध्ये स्टीरिओ ट्रॅकला मुळातच दोन नॉब असतात. त्याने उजव्या वाहिनीतील आवाज गमावण्याऐवजी मध्याकडे आणता येतो. प्रतिमा अरुंद होते, पण काहीही हरवत नाही.

वाद्य मध्यरेषा ओलांडून पलीकडे न्यायचे असेल, तर पॅन पूर्णपणे टाळावा आणि डावी-उजवी वाहिनी अदलाबदल करावी. मंचावर डावीकडे बसलेले दुसरे व्हायोलिन समोरासमोरच्या बैठकीसाठी उजवीकडे हवे असतील, तर वाहिन्यांच्या अदलाबदलीने पातळी, वेळ आणि परावर्तने तिन्ही एकत्र उलटतात, त्यामुळे कोणतीच खूण दुसरीच्या विरोधात जात नाही. दालने बहुधा मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सारखी असल्याने आरशात पाहिल्यासारखे हे दालन कानाला खटकत नाही. मात्र अशी वाद्ये या अदलाबदलीने मध्यरेषेपासून तितक्याच अंतरावर पलीकडे जातात. त्यांना तिथून आणखी बाहेर सरकवायचे असेल, तर वर सांगितलेला स्टीरिओ पॅन थोडासा वापरावा.

या दोन्ही उपायांनी काम होत नसेल, तर वाद्याचा फक्त क्लोज माइक घ्यावा, त्याची रुंदी कमी करून तो जवळजवळ मोनो करावा आणि त्याला कोरड्या संग्रहासारखे मानून नव्याने बसवावे. दूरचे माइक अशा वेळी पूर्ण बंद ठेवणे आवश्यक आहे, कारण त्यांत जुनी जागा कायम असते.

कोरड्या वाद्याला दालनात आणताना

सायलेंट स्टेजवरचा ओबो लिंडहर्स्टच्या तंतुवाद्यांत बसवायचा आहे असे धरू. बैठकीनुसार त्याची जागा मध्याच्या किंचित उजवीकडे, तंतुवाद्यांच्या मागे आहे. प्रथम त्याची रुंदी कमी करावी, कारण एकटा वादक दूरवरून पाहता एका बिंदूइतकाच असतो आणि जवळून मुद्रित केलेला रुंद ओबो मंचाचा अर्धा भाग व्यापून बसतो. त्यानंतर पॅनने दोन वाहिन्यांत सुमारे २ ते ३ डेसिबेलचा फरक ठेवावा. पूर्णपणे एका स्पीकरमध्ये आवाज जाण्यासाठी सुमारे १५ ते १८ डेसिबेलचा फरक लागतो हे लक्षात घेतले, तर २ ते ३ डेसिबेल पुरेसे का आहेत हे कळते.

यानंतर अंतर. वरच्या कंप्रता, म्हणजे साधारण ८ किलोहर्ट्‌झच्या पुढचा भाग, १ ते ३ डेसिबेलने उतरवावा आणि आघाताची धार कमी करावी. ओबो तंतुवाद्यांच्या पाच मीटर मागे असेल, तर त्याचा आवाज सुमारे १५ मिलिसेकंद उशिरा येतो. ट्रॅक तितका उशिरा ठेवता येतो, पण प्रत्यक्ष वादक हा उशीर कंडक्टरकडे पाहून भरून काढत असल्याने ही पायरी ऐच्छिक आहे. मग आरंभीच्या परावर्तनांसाठी एक रिव्हर्ब आणि लांब निनादासाठी दुसरा असे दोन टप्पे ठेवावेत. रिव्हर्ब म्हणजे दालनाच्या निनादाची नक्कल करणारे साधन. खऱ्या दालनाच्या मोजमापावरून तो निनाद घडवणाऱ्या रिव्हर्बला कन्व्होल्यूशन रिव्हर्ब म्हणतात. परावर्तनांचा टप्पा फक्त कोरड्या वाद्यांना द्यावा, कारण ओल्या संग्रहांत ती आधीच आहेत आणि दुसऱ्यांदा दिली तर दालनात दालन उभे राहते. लांब निनादाचा टप्पा सगळ्यांना द्यावा, ओल्या संग्रहांना अगदी थोडा आणि कोरड्यांना अधिक, कारण एक समान शेपूटच सर्वांना एका छताखाली आणते.

वेळेचा फरकही द्यायचा असेल तर सावधगिरी हवी. ओबोची डावी वाहिनी १ मिलिसेकंद उशिरा ठेवली, तर प्रतिमा ट्रीवरील ध्वनिमुद्रणासारखी नैसर्गिक होते, पण दोन्ही वाहिन्या सारख्या असतील आणि त्या मोनोमध्ये मिसळल्या, तर ५०० हर्ट्‌झला आवाज पडतो, आणि त्याच्या विषम पटींना पुन्हा पुन्हा पडतो. म्हणून हे काम हाताने करण्यापेक्षा ते परावर्तनांवर सोपवावे किंवा त्यासाठीच बनलेली साधने वापरावीत. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीचे ‘मिर’ एका दालनातील मंचाच्या अनेक जागांवरून घेतलेल्या मोजमापांवर चालते, आणि पॅरालॅक्स ऑडिओचे ‘व्हर्च्युअल साउंड स्टेज’ पडद्यावर वाद्य ठेवून त्याची पातळी, वेळ आणि परावर्तने एकत्र बदलते. अशी साधने कोरड्या वाद्यांवर उत्तम चालतात. आधीच बसलेल्या वाद्यांवर ती वापरणे म्हणजे एका जागेवर दुसरी जागा लादणे होय.

रिव्हर्बकडे जाणाऱ्या वाटेवर दोन चुका वारंवार होतात. पहिली, अनेक प्रणालींत ‘सेंड’, म्हणजे रिव्हर्बला जाणारी उपवाहिनी, मुख्य पॅनचे अनुकरण करत नाही. ओबो उजवीकडे असताना त्याचा निनाद मध्यातून उगवतो. सेंडचा पॅन मुख्य पॅनशी जोडून घ्यावा. दुसरी, काही रिव्हर्ब आत येणारा स्टीरिओ आवाज मोनो करूनच पुढे पाठवतात, त्यामुळे सारी बैठक निनादात हरवते. म्हणून डाव्या आणि उजव्या वाहिन्यांना स्वतंत्र प्रतिसाद देणारा, ‘ट्रू स्टीरिओ’ म्हणून ओळखला जाणारा रिव्हर्ब निवडावा.

एकाच विभागासाठी दोन संग्रह

एकाच विभागासाठी दोन संग्रह वापरणे हे सर्वांत अवघड प्रकरण आहे. पहिल्या व्हायोलिनचे लांब सूर एका संग्रहाचे आणि तोडके सूर दुसऱ्याचे असतील, तर जागांतील लहानसा फरकही उघडा पडतो, कारण प्रत्येक वेळी वादनपद्धत बदलली की सारा विभाग खुर्च्यांसह उडी मारतो. अशा वेळी दोन्ही संग्रहांचे तोडके सूर आलटूनपालटून वाजवून, डोळे मिटून, जागा हलते का ते ऐकावे. रुंदी आणि निनाद जुळल्याशिवाय पॅनला हात लावू नये. बहुतेक वेळा जागेचा भासणारा फरक प्रत्यक्षात रुंदीचा किंवा निनादाचा असतो.

दोन संग्रह एकाच सुरावर एकावर एक चढवायचे असतील, तर त्यांतील एकाला जागा ठरवण्याचे आणि दुसऱ्याला फक्त पोत देण्याचे काम वाटून द्यावे. पोत देणाऱ्या संग्रहाचा क्लोज माइक घ्यावा, त्याची रुंदी कमी करावी आणि तो ६ ते १० डेसिबेल खाली ठेवावा. हासचा निष्कर्ष येथे थेट कामी येतो: जो आवाज आधी येतो तो जागा ठरवतो, म्हणून पोताचा ट्रॅक सुमारे ५ ते १० मिलिसेकंद मागे ठेवला, तर आघातापुरती तरी कानाची पकड संदर्भसंग्रहावर राहते. त्यासाठी आधी दोन्ही संग्रहांतील सुराच्या सुरुवातीची मोकळी जागा मोजून ती समान करून घ्यावी लागते, कारण कोणत्या संग्रहात सूर पट्टी दाबल्यानंतर किती उशिराने उमटतो हे प्रत्येकाचे वेगळे असते.

तपासणी

सगळी वाद्ये बसल्यावर तपासणी तीन ठिकाणी करावी. पहिली मोनोमध्ये: सर्व आवाज एका वाहिनीत आणल्यावर एखादे वाद्य पोकळ किंवा अंधूक झाले, तर त्याच्या वेळेच्या फरकात किंवा माइकांच्या मिश्रणात दोष आहे. दुसरी स्पीकरवर, ऐकणारा आणि दोन्ही स्पीकर समभुज त्रिकोणात असताना, कारण वाद्यवृंदाची रुंदी स्पीकरवरच खरी कळते. तिसरी हेडफोनवर, जिथे वेळेचे फरक आणि कृत्रिम कडा जास्त ठळक होतात. त्यानंतर संपूर्ण मिश्रणाच्या वाहिन्या एकदा अदलाबदल करून ऐकाव्यात. सवयीने दिसेनासे झालेले दोष उलट्या मंचावर लगेच उघडे पडतात. शेवटी त्याच बैठकीतील खऱ्या वाद्यवृंदाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण शेजारी ठेवून ऐकावे आणि आघात एका बाजूला, निनाद दोन्हीकडे ही खूण आपल्या मिश्रणात टिकली आहे का, हे पाहावे.

महागडा संग्रह विकत घेतल्याने ही कसोटी पार होत नाही. लहान, जुना संग्रहही योग्य दालनात योग्य खुर्चीवर बसवला तर त्याचा आवाज पटतो, आणि उत्तमोत्तम संग्रह चार दालनांतून एकाच वेळी बोलू लागले तर एकही पटत नाही. म्हणून नवी रचना सुरू करण्यापूर्वी संगीतकाराने संदर्भाचे एक दालन निवडावे, एक बैठक कागदावर आखावी, प्रत्येक संग्रहाचा एक तोडका सूर मोजून घ्यावा आणि त्यानंतरच पहिला स्वर लिहावा. पॅनचा नॉब सर्वांत शेवटी फिरवावा, आणि तोही तेव्हाच, जेव्हा वेळ, रंग, निनाद आणि परावर्तने जुळल्यानंतरही वाद्य आपल्या खुर्चीपासून दूर राहिलेले असेल.